रिसेप्टरची कुंडली कशी मांडायची: सीसीआर५ घेऊन जनुकापासून गोळीपर्यंत

दरवर्षी जानेवारी-फेब्रुवारी आला की एमएस्सी आणि एमफार्मच्या पोरांचे प्रोजेक्ट माझ्याकडे वाचायला येतात आणि त्यातले निम्म्याहून जास्त एकाच साच्यातले असतात. पीडीबी या प्रोटीनच्या रचनांच्या डेटाबेसवरून एक प्रोटीन उतरवलं, शंभरेक कंपाउंड घेतले, व्हिना या सॉफ्टवेअरमधे डॉकिंग लावलं, म्हणजे कुठला रेणू प्रोटीनमधे कसा बसतो ते कॉम्प्युटरवर तपासलं, उणे ९.२ असा स्कोअर आला (जितका उणे तितका चांगला), झालं, शेवटी एक ओळ की हे कंपाउंड संभाव्य औषध ठरू शकतं. मग मी विचारते की हा रिसेप्टर, म्हणजे पेशीवरचं निरोप पकडणारं प्रोटीन, कुठल्या पेशीवर असतो, तो बंद केला तर माणसाला काय होतं, आणि जन्मापासूनच तो नसलेली माणसं जगात आहेत का. समोर शांतता. पोरं हुशार असतात, रात्र रात्र जागून कामही करतात, पण हे तीन प्रश्न विचारायचे असतात हेच त्यांना कुणी सांगितलेलं नसतं, आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं कारण या विषयाचा जीव त्या तीन प्रश्नांतच आहे.

म्हणून हे लिहितेय. डॉकिंगला हात लावायच्या आधी रिसेप्टरची कुंडली कशी मांडायची ते. लागतं काय तर एक साधा लॅपटॉप, नेट, एक वही आणि दोन रविवार. सगळे डेटाबेस फुकट आहेत, लॉगिनसुद्धा बहुतेक ठिकाणी लागत नाही.

उदाहरण म्हणून सीसीआर५ घेऊया. हा पांढऱ्या पेशींच्या पृष्ठभागावर असतो, एचआयव्ही पेशीत शिरताना याला धरतो, काही माणसांत हा जन्मतःच नसतो आणि त्यांना एचआयव्ही सहसा होत नाही, आणि हाच रिसेप्टर बंद करणारी गोळी २००७ पासून बाजारात आहे. जनुक, रिसेप्टर, रोग, औषध अशी साखळी इतकी सरळ फार कमी ठिकाणी मिळते, त्यामुळे शिकायला हा सगळ्यात चांगला. एकदा हा हाताखालून गेला की दुसरा कुठलाही घ्या.

आधी पाया दोन मिनिटांत. पेशीचं पटल म्हणजे चरबीचा दुहेरी थर, बाहेरून येणारे निरोप बहुतेक पाण्यात विरघळणारे, त्यामुळे ते आरपार जात नाहीत, निरोप आत पोचवायला पटलात रोवलेलं एक प्रोटीन लागतं आणि तेच रिसेप्टर. सीसीआर५ ज्या घराण्यातला आहे ते जीपीसीआर, माणसाच्या जीनोममधे याची साधारण ८०० जनुकं आहेत आणि आज वापरात असलेल्या औषधांपैकी जवळपास एक तृतीयांश याच घराण्यावर काम करतात. आकार कसा तर कापडावर धावदोरा घालतो तसा, प्रोटीनची साखळी पटलातून सात वेळा आरपार जाते. सात ही विषम संख्या, म्हणून एक टोक बाहेर राहतं आणि दुसरं आत. बाहेरचं टोक आणि बाहेरचे फास निरोप पकडतात, आतले फास जी-प्रोटीनला हलवतात. इतकं डोक्यात पक्कं असलं की पुढचं सगळं समजतं.

आता पहिलं काम, नाव नीट धरा. हे फालतू वाटतं पण अर्ध्या चुका इथेच होतात. जनुकाचं अधिकृत चिन्ह, प्रोटीनचं नाव, जुन्या पेपरातली टोपणनावं, सगळं वेगवेगळं असतं, आणि शेजारीच सीसीआर२ नावाचा भाऊबंद बसलेला आहे ज्याचा सिक्वेन्स खूप मिळताजुळता आहे. युनिप्रॉट या प्रोटीनांच्या डेटाबेसवर जा, सीसीआर५ टाका, आणि माणसाची आणि रिव्ह्यूड (तज्ज्ञांनी तपासलेली) शिक्का असलेलीच नोंद उघडा. तिचा क्रमांक पी ५१६८१. उंदराची नोंद बरेचदा शेजारीच दिसते, ती उचलली तर पुढचं सगळं चुकतं, आणि हे मी रिव्ह्यूला आलेल्या पेपरमधेसुद्धा पाहिलंय. क्रमांक वहीत लिहून ठेवा, पुढे प्रत्येक ठिकाणी याच क्रमांकाशी ताडून बघायचं.

नोंदीत लांबी दिसेल, ३५२ अमिनो आम्लं. आता सिक्वेन्स उघडा आणि पहिली वीस अक्षरं हाताने वहीत उतरवा, हो हातानेच. एम, डी, वाय, क्यू, व्ही, एस, एस, पी, आय, वाय, डी, आय, एन, वाय, वाय, टी, एस, ई, पी, सी. यातल्या वाय म्हणजे टायरोसिनवर गोल करा, ते ३, १०, १४ आणि १५ या जागांवर येतील. हे टोक पेशीच्या बाहेर आहे. या टायरोसिनांवर पेशी सल्फेटचा गट चढवते, त्यामुळे टोकाला ऋण प्रभार येतो, आणि विषाणूचं जीपी१२० हे प्रोटीन याच टोकाला येऊन चिकटतं. विसावं अक्षर सी, म्हणजे सिस्टीन, ते पुढे बाहेरच्याच बाजूच्या २६९ क्रमांकाच्या सिस्टीनला गंधकाच्या पुलाने बांधलेलं असतं. वीस अक्षरांत इतकं सगळं आहे, आणि नुसती फाइल डाउनलोड करून सॉफ्टवेअरला भरवणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही.

पुढे सरकत जा. मधे मधे एल, व्ही, आय, एफ अशा तेलकट अक्षरांचे वीस-पंचवीसचे पट्टे येतील, ते पटलातले टाके. पहिला पट्टा चाळीसच्या आधीच सुरू होतो. तिसऱ्या टाक्याच्या शेवटी डी, आर, वाय ही तीन अक्षरं सलग सापडतील आणि सातव्याच्या शेवटाला एन, पी, आय, आय, वाय. या दोन खुणा या घराण्यातल्या बऱ्याच जणांत असतात, रिसेप्टर चालू-बंद होताना याच जागा हलतात. सापडल्या की पेन्सिलीने खूण करा. जीपीसीआरडीबी नावाचा डेटाबेस हेच साप काढल्यासारखं वेटोळं चित्र काढून देतो, पण ते आधी बघू नका, स्वतः शोधून मग ताळा करायला वापरा.

दुसरं काम जनुकाचं, आणि इथे वेळ घालवा, घाई करू नका.

सीसीआर५ तिसऱ्या गुणसूत्राच्या आखूड बाहूवर आहे, पत्ता ३पी२१.३१, आणि आजूबाजूला याच घराण्यातले केमोकाइन (पेशींना बोलावणारे निरोप) पकडणारे रिसेप्टर एका आळीत राहावेत तसे ओळीने बसलेत. एनसीबीआय या जनुकांच्या डेटाबेसच्या जीन पानावरून कोडिंग सिक्वेन्स, म्हणजे सीडीएस, प्रोटीन बनवणारा भाग, उतरवून घ्या. लांबी १०५९ अक्षरं असायला हवी. का, तर ३५२ अमिनो आम्लं आणि एक थांबा, ३५३ गुणिले ३. हा गुणाकार जुळला नाही तर तुम्ही चुकीची फाइल घेतलीय, परत मागे जा. आणखी एक सोय अशी की हा आख्खा कोडिंग भाग एकाच एक्सॉनमधे (सलग तुकड्यात) आहे, मधे इंट्रॉन, म्हणजे वगळला जाणारा तुकडा, नाही, त्यामुळे हाताळायला सोपा.

आता या लेखातलं मला सगळ्यात आवडणारं काम. ती १०५९ अक्षरं नोटपॅडमधे टाका आणि ५५४ ते ५८५ ही ३२ अक्षरं खोडा. उरली १०२७. हीच ती डेल्टा ३२ नावाची प्रसिद्ध तूट. आता मूळ सिक्वेन्स आणि तुटलेला सिक्वेन्स, दोन्ही एक्सपासी या वेबसाइटच्या ट्रान्सलेट नावाच्या टूलमधे, जे डीएनएवरून अमिनो आम्लं वाचून देतं, टाका आणि निकाल एकाखाली एक ठेवा. १८४ व्या अमिनो आम्लापर्यंत दोन्ही तंतोतंत सारखे. १८५ पासून खालच्या ओळीत भलतंच काहीतरी सुरू होतं, असं ३१ अक्षरं चालतं आणि मग थांबा येतो. एकूण २१५. हे का झालं तर डीएनए तीन-तीन अक्षरांत वाचला जातो, ३२ मधे दहा त्रिकं आणि वर दोन अक्षरं उरतात, त्या दोन अक्षरांनी पुढची सगळी वाचनाची घडी विस्कटते. ३३ अक्षरं गेली असती तर अकरा अमिनो आम्लं कमी झाली असती आणि पुढचं जसंच्या तसं राहिलं असतं.

आणि १८४ म्हणजे कुठे, ते तुमच्या वहीतल्या पेन्सिलीच्या खुणांवर बघा. चार टाके झालेत, आपण बाहेरच्या दुसऱ्या फासात आहोत, पाचवा-सहावा-सातवा टाका यायचाय. ते तीन टाके येतच नाहीत. असं अर्धवट प्रोटीन पेशीच्या पृष्ठभागापर्यंत पोचत नाही, आतच अडकतं. बाहेरून बघणाऱ्या विषाणूसाठी दार नाहीच. ज्याला आईकडून आणि वडलांकडून दोन्ही प्रती तुटलेल्या मिळाल्या त्याच्या पेशींवर सीसीआर५ शून्य, एकच तुटलेली मिळाली तर कमी.

हे स्वतःच्या हाताने केलं की पोरांच्या चेहऱ्यावर जे दिसतं ते बघायला मी हा प्रयोग दरवर्षी करून घेते. फ्रेमशिफ्ट, म्हणजे वाचनाची घडी सरकणं, हा शब्द बारावीपासून पाठ असतो पण तो पहिल्यांदा दिसतो तेव्हा.

लॅब असेल तर हे जेलवरही, म्हणजे डीएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या पटावर, दिसतं. नेहमी वापरली जाणारी प्रायमरची (डीएनएचा ठरावीक तुकडा वाढवायला लागणारे छोटे तुकडे) एक जोडी आहे, तिने साधी प्रत १८९ बेसची पट्टी देते आणि तुटलेली १५७ ची, फरक बरोबर ३२. एकच गोष्ट सांभाळा, ॲगारोज (ज्यापासून जेल बनतं तो पदार्थ) ३ टक्के घ्या. मी पहिल्यांदा केलं तेव्हा सवयीने १ टक्क्याचं जेल ओतलं, दोन्ही पट्ट्या एकमेकीत मिसळून गेल्या आणि आख्खी दुपार आणि महागडं कंट्रोल डीएनए वाया गेलं. दोन्ही प्रकारच्या प्रती असलेल्या नमुन्यात कधी कधी वर एक तिसरी पट्टी दिसते, ती घाण नव्हे, एक साधा आणि एक तुटलेला धागा एकमेकांना चिकटून तयार झालेला जोड असतो आणि तो हळू पळतो. आणि वर्गातल्या पोरांचेच नमुने घेऊन हे करू नका, लेखी संमती आणि एथिक्स कमिटी शिवाय कुणाच्याही जनुकाला हात लावायचा नाही, शिकवण्यासाठीसुद्धा नाही. विकत मिळणारं कंट्रोल डीएनए वापरा.

मग लोकसंख्येत बघा. लोकांमधले जनुकबदल नोंदवणारा नोमॅड नावाचा डेटाबेस आहे, उच्चारात जी गाळतात पण टाइप करताना घालायचा. त्यात या तुटीचा क्रमांक आरएस ३३३ टाका. गटवार आकडे येतील. उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत तुटलेल्या प्रतीचं प्रमाण साधारण १० टक्के, म्हणजे दोन्ही प्रती तुटलेली माणसं शंभरात एखादं. दक्षिण आशियाच्या ओळीवर या, आकडा खूप खाली. आफ्रिका, पूर्व आशिया, आणखी खाली. म्हणजे आपल्याकडच्या नमुन्यांत दोन्ही प्रती तुटलेला माणूस सापडेल ही अपेक्षाच ठेवू नका, आणि कुणी पन्नास नमुने तपासून तूट आढळली नाही असा निष्कर्ष मोठ्या अक्षरांत लिहिला तर तो शोध नव्हे, ते आधीपासून माहीत असलेलं आहे.

पण या पानावरची खरी किमती गोष्ट वेगळीच आहे, दोन्ही प्रती तुटलेली माणसं आहेत आणि ती साधं आयुष्य जगतायत. निसर्गाने स्वतःच तो रिसेप्टर काढून टाकून बघितलाय, तोही हजारो माणसांत, पिढ्यान्‌पिढ्या. यापेक्षा मोठी सुरक्षिततेची चाचणी कुठली कंपनी करणार? औषध शोधायचं ठरवताना ही माहिती सोन्यासारखी असते. २०२४ मधे नेचरमधे एक विश्लेषण आलं, त्यात ज्या औषधाच्या लक्ष्याला माणसाच्या जनुकशास्त्राचा आधार आहे ते बाजारापर्यंत पोचायची शक्यता आधार नसलेल्यापेक्षा २.६ पट निघाली. म्हणून म्हणते की जनुक आधी, डॉकिंग नंतर.

मात्र साधं आयुष्य म्हणजे काहीच किंमत मोजावी लागत नाही असं नाही. २००६ मधे अमेरिकेतल्या वेस्ट नाइल तापाच्या रुग्णांत दोन्ही प्रती तुटलेले लोक अपेक्षेपेक्षा जास्त निघाले, म्हणजे त्या विषाणूशी लढताना हा रिसेप्टर कामाचा असतो. कुंडलीत ही बाजूही लिहायची. २०१८ मधे चीनमधे हे जियानकुई (‘हे’ हे आडनाव) नावाच्या संशोधकाने भ्रूणातच क्रिस्परने, म्हणजे डीएनए कापायच्या तंत्राने, सीसीआर५ चं जनुक तोडायचा उद्योग केला, जुळ्या मुली जन्मल्या, आणि दोघींपैकी एकीतही नेमकी डेल्टा ३२ तूट झालीच नाही, वेगळेच तुकडे पडले. तो पुढे तुरुंगात गेला. ५५४ ते ५८५ ही अक्षरं आपण नोटपॅडमधे खोडू शकतो, बाळाच्या शरीरात नाही, हे मी पोरांना फार गंभीरपणे सांगते.

रोगाशी धागा जोडा. १९८४ पासून माहीत होतं की एचआयव्ही पांढऱ्या पेशींवरच्या सीडी४ या प्रोटीनला धरतो, पण नुसतं सीडी४ असून पेशीत शिरता येत नव्हतं, दुसरं काहीतरी लागत होतं. आणि दुसरीकडे असे काही लोक डॉक्टरांना माहीत होते जे वारंवार संपर्कात येऊनही बाधित होत नव्हते. १९९६ च्या उन्हाळ्यात दोन्ही कोडी एकत्र सुटली, आधी सीसीआर५ हा दुसरा कडीकोयंडा निघाला आणि दोनेक महिन्यांत त्या बाधित न होणाऱ्या लोकांत डेल्टा ३२ सापडली. आपल्याकडे हा विषय परका नाही, पुण्यात भोसरीला एड्स संशोधनाची राष्ट्रीय संस्था १९९२ पासून आहे, आणि भारतात जो विषाणू मुख्यतः आढळतो तो सी सबटाइप, म्हणजे सी उपप्रकार, जो बहुतांश सीसीआर५ च वापरतो.

बर्लिनचा रुग्ण म्हणून ओळखले गेलेले टिमोथी रे ब्राउन यांचं नाव इथे लिहायलाच हवं. त्यांना एचआयव्ही होता आणि वर ल्युकेमिया झाला. त्यांचे डॉक्टर गेरो ह्युटर यांनी बोन मॅरो देणारा शोधताना मुद्दाम दोन्ही प्रती तुटलेला दाता शोधला. २००७ ला एक आणि २००८ ला दुसरं प्रत्यारोपण झालं आणि एचआयव्ही परत आला नाही. २०२० मधे ते गेले ते ल्युकेमिया उलटल्याने. रिसेप्टर आणि रोगाचा संबंध सिद्ध करणारा याहून ठळक पुरावा मला तरी माहीत नाही.

प्रत्येक रिसेप्टरला असा टिमोथी मिळत नाही. तुमच्या रिसेप्टरसाठी ओएमआयएम आणि क्लिनव्हार हे जनुकबदल आणि रोगांचे डेटाबेस बघा, जनुकात बिघाड असलेल्या माणसांत काय दिसतं ते. बिघाडाने रोग जातो की रोग येतो, यावर तुम्हाला तो रिसेप्टर बंद करायचाय की चालू करायचाय हे ठरतं, आणि डॉकिंगला बसणाऱ्या कितीतरी जणांना हेच सांगता येत नाही.

आता औषधाकडे. केम्बल आणि गाइड टू फार्माकॉलॉजी हे औषधी रेणूंचे दोन डेटाबेस उघडा आणि सीसीआर५ वर आधी काय काय होऊन गेलंय ते बघा. पहिलं नाव येईल मॅराव्हिरॉक. त्याची गोष्ट थोडक्यात सांगते कारण पाठ्यपुस्तकात ती एका ओळीत उरकलेली असते. इंग्लंडमधे केंट परगण्यात सँडविच नावाचं गाव आहे, तिथल्या फायझरच्या लॅबने १९९७ मधे, म्हणजे डेल्टा ३२ सापडून वर्ष व्हायच्या सुमाराला, कंपन्यांकडे असतो तो कंपाउंडचा आख्खा साठा चाळायला घेतला. चाळणी कशी, तर सीसीआर५ असलेली पटलं घ्यायची, त्याला चिकटणारं नैसर्गिक केमोकाइन किरणोत्सारी करून सोडायचं, आणि कुठलं कंपाउंड घातलं की ते चिकटणं कमी होतं ते मोजायचं. एक बरं कंपाउंड सापडलं, पण ते विषाणूला अडवत नव्हतं. मग एकेक तुकडा बदलत शेकडो नवीन रेणू बनवत गेले.

आणि वाटेत हर्ग आडवा आला. हर्ग हे हृदयाच्या पेशींच्या पटलातलं पोटॅशियमचं दार, जनुक केसीएनएच२, सातव्या गुणसूत्रावर. जन्मतः या जनुकात बिघाड असलेल्यांना लाँग क्यूटी हा हृदयाचा विकार होतो, ठोके अचानक बिघडतात, माणूस बसल्या जागी कोसळू शकतो. म्हणजे बघा, तोच आपला प्रश्न उलटा विचारला, हे नसलेल्या माणसांचं काय होतं, आणि उत्तर आलं की याला हात लावू नका. टर्फेनाडिन नावाची ॲलर्जीची गोळी याच कारणाने १९९० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतून गेली. सँडविचच्या केमिस्टांना असा रेणू हवा होता जो सीसीआर५ ला घट्ट धरेल आणि हर्गला अजिबात नाही, आणि त्या पट्टीत बसणारा म्हणून मॅराव्हिरॉक निवडला गेला. २००७ मधे मान्यता. सिक्वेन्समधली तूट सापडल्यापासून अकरा वर्षं.

त्याच रिसेप्टरवर इतरांनीही प्रयत्न केले. ॲप्लाव्हिरॉक यकृताच्या त्रासामुळे २००५ मधे थांबवावं लागलं, व्हिक्रिव्हिरॉक मोठ्या चाचण्यांत टिकलं नाही. लक्ष्य बरोबर असलं तरी रेणू पडू शकतो. जनुकशास्त्र तुम्हाला दार कुठलं ते सांगतं, किल्ली चांगली निघेल याची हमी देत नाही, म्हणून कुंडलीत पडलेल्या औषधांचा रकाना वेगळा ठेवा आणि प्रत्येकापुढे का पडलं ते लिहा. माझ्या मते हा रकाना सगळ्यात शिकवणारा.

आणि आता, इतकं झाल्यावर, स्ट्रक्चर, म्हणजे प्रोटीनची त्रिमितीय रचना, उघडा. पीडीबीवर कोड ४ एमबीएस, २०१३ चं, शांघायच्या गटाचं, रिझोल्यूशन २.७ अँगस्ट्रॉम (अणूंची अंतरं मोजायचं एकक), मॅराव्हिरॉकसकट. उघडल्यावर आधी हे बघा की यात सगळंच सीसीआर५ नाहीये. स्फटिक नीट यावेत म्हणून आतल्या तिसऱ्या फासात रुब्रेडॉक्सिन नावाचं जिवाणूचं एक छोटं प्रोटीन बसवलंय, त्यात जस्ताचा अणू आहे, आणि रिसेप्टरमधे चार अमिनो आम्लंही मुद्दाम बदललीत. मी असे प्रोजेक्ट पाहिलेत ज्यात विद्यार्थ्याचं सगळ्यात चांगलं कंपाउंड त्या रुब्रेडॉक्सिनला जाऊन चिकटलेलं होतं आणि चर्चेच्या प्रकरणात त्यावर दोन पानं होती. पी ५१६८१ शी ताडून बघितलं असतं तर पाच मिनिटांत कळलं असतं, म्हणून तो क्रमांक वहीत.

मग मॅराव्हिरॉक कुठे बसलाय ते बघा. विषाणू बाहेरच्या टोकाला आणि फासांना धरतो, गोळी मात्र टाक्यांच्या मधे खोल खिशात शिरलीय. तिच्यावरचा धन प्रभाराचा नायट्रोजन २८३ क्रमांकाच्या ग्लुटामेट या ऋण प्रभाराच्या अमिनो आम्लाला धरून आहे. ती विषाणूची जागा अडवून बसत नाही, आतून रिसेप्टरचा आकारच असा धरून ठेवते की बाहेर विषाणूला पकड मिळत नाही. याला ॲलोस्टेरिक म्हणतात. म्हणजे बाहेरच्या फासांवर ग्रिड बॉक्स (सॉफ्टवेअरने शोधायची चौकट) लावून डॉकिंग केलंत तर तुम्ही भलत्याच खिशात शोधताय.

डॉकिंग करायचंच असेल तर क्रम असा ठेवा. रुब्रेडॉक्सिन आणि पाणी काढा, हायड्रोजन चढवा, मॅराव्हिरॉकच्या त्या नायट्रोजनवर धन प्रभार आहे ना ते तपासा कारण फाइल बनवताना तो बरेचदा हरवतो, आणि मग आधी मॅराव्हिरॉकच बाहेर काढून परत डॉक करा. स्फटिकातल्या जागेपासून २ अँगस्ट्रॉमच्या आत परत आला तर तुमची मांडणी बरी. नाही आला तर नवीन कंपाउंड लावायचा प्रश्नच नाही. त्यानंतर केम्बलमधून सीसीआर५ वर मोजून काम न करणारे ठरलेले काही रेणू घ्या आणि तेही लावा. त्यांनाही उणे ९ आले तर तुमच्या उणे ९.२ ला काय अर्थ आहे ते तुमचं तुम्हाला कळेल. हे कंट्रोल लावलेला एखादा प्रोजेक्ट हातात आला की मला फार आनंद होतो, निकाल नकारात्मक आला असला तरी.

शेवटचा रकाना: हे औषध कुणाला लागू पडेल. इथे रुग्णाच्या जनुकाइतकंच विषाणूचं जनुक बघावं लागतं. काही एचआयव्ही सीसीआर५ ऐवजी सीएक्ससीआर४ हा दुसरा रिसेप्टर वापरतात, त्यांच्यावर मॅराव्हिरॉकचा उपयोग नाही, म्हणून गोळी सुरू करायच्या आधी विषाणू कुठलं दार वापरतो याची ट्रॉपिझम टेस्ट करावी लागते. शिवाय हे औषध यकृतातल्या सीवायपी३ए४ या एन्झाइमकडून मोडलं जातं, त्यामुळे सोबत काय चालू आहे त्यावर डोस १५०, ३०० किंवा ६०० मिलिग्रॅम, दिवसातून २ वेळा, असा बदलतो. टीबीचं रिफॅम्पिसिन हे एन्झाइम वाढवतं आणि औषध लवकर संपतं. आपल्याकडे एचआयव्ही आणि टीबी हातात हात घालून येतात, तेव्हा भारतातल्या विद्यार्थ्याच्या कुंडलीत ही ओळ असलीच पाहिजे. हे सगळं समजून घेण्यासाठी आहे, डोस डॉक्टरांनीच ठरवायचा.

एवढं झालं की सगळं एका पानावर आणा: क्रमांक, लांबी, टाके, जनुकाचा पत्ता, माणसांत सापडलेले बदल आणि त्यांचं काय झालं, लोकसंख्येतले आकडे, चाचणी कशी करतात, उठलेली औषधं, पडलेली औषधं, स्ट्रक्चरमधे काय काय बनावट आहे. प्रत्येक ओळीपुढे कुठून घेतलं आणि कुठल्या तारखेला बघितलं ते लिहा, कारण डेटाबेस बदलत राहतात.

दुसऱ्या रविवारी सरावाला ड्यूफी घ्या, जनुकाचं नाव एसीकेआर१. हाही केमोकाइनांचाच रिसेप्टर, यालाही सात टाके, आणि मलेरियाचा व्हायव्हॅक्स परजीवी याला धरून लाल पेशीत शिरतो, तोच व्हायव्हॅक्स जो पावसाळ्यात आपल्याकडे घरोघरी ताप देतो. पश्चिम आफ्रिकेत जवळपास सगळ्यांच्या लाल पेशींवर हा रिसेप्टर नसतो आणि तिथे व्हायव्हॅक्स फारच क्वचित दिसतो. सीसीआर५ सारखं तुम्ही त्या लोकांचा कोडिंग सिक्वेन्स उघडाल आणि तूट शोधाल, आणि रिसेप्टर गायब करणारं काहीच सापडणार नाही, ट्रान्सलेट केलं तर प्रोटीन पूर्ण येईल. तिथे गोंधळून सोडून देऊ नका. जनुकाच्या वरच्या अंगाला प्रोमोटरमधे, म्हणजे जनुक चालू-बंद करणाऱ्या भागात, जा, तिथे गाटा-१ नावाचं प्रोटीन बसायची जागा आहे, ती शोधा, आणि त्या जागेतलं एकच अक्षर टी चं सी झालं तर रिसेप्टर फक्त लाल पेशींवरून गायब होतो आणि शरीरात बाकी ठिकाणी तसाच राहतो, हे का होत असेल ते आधी स्वतः वहीत लिहा, मग पेपर उघडा.